डिनो की लोटस

बोनकोडे गावात पंढरीच्या घराच्या ओटीवर श्यामसुंदर चपला काढत होता, तेवढ्यात काशीवहिनी आडव्या आल्या.

"भावजी, त्यांच्यापुढं कॅन्सरचं नाव काढू नका. अल्सर हाय, असंच सांगितलंय. पोरांची शपथ हाय तुमाला."

"नाही काढणार, वहिनी." डॉक्टरांनी महिनाभराची मुदत दिलीय, हे त्याला कालच कळलं होतं.

आत खाटेवर पंढरी पडला होता. पंपाच्या कारखान्यात लेथ चालवणारा अव्वल टर्नर तो, आता नुसता हाडांचा सापळा उरला होता. डोळे तेवढे तेच, खोडकर.

बारा वर्षं हे दोघं एकाच गोष्टीवरून भांडत आले होते. चौऱ्याहत्तर साली कारखान्यात उतरलेल्या परदेशी मशीनच्या खोक्यात एक जुनं इंग्रजी मासिक आलं. त्यात दोन गाड्यांची तुलना होती, इटलीची लाल डिनो आणि इंग्लंडची प्लास्टिकच्या अंगाची पिवळी लोटस. दोघींचंही इंजिन सीटच्या मागे, गाडीच्या मधोमध. कुठली सरस, ते सांगणारं पान मात्र फाटून गेलेलं. झालं! त्याच कारखान्यातल्या ड्राफ्ट्समन श्यामसुंदरनं डिनो धरली, पंढरीनं लोटस. जन्मात दोघांनी साधी स्कूटर घेतली नाही, पण जेवणाचे डबे उघडले की गाड्या सुटल्याच.

"सहा सिलिंडर आहेत रे माझ्या डिनोला!"

"ऱ्हाऊ दे. माजी लोटस हलकी हाय. वळनावर तुजी मागंच!"

"प्लास्टिकचं डबडं तुझं!"

माघार म्हणून कुणी घेतली नाही. पंढरीचा बाप गेला, तेव्हा बाराव्याच्या पंगतीतसुद्धा श्यामसुंदरनं त्याला डबडं ऐकवलं होतं, आणि पंढरी त्या दिवसांत पहिल्यांदा हसला होता.

"आलास शाम्या?" पंढरी म्हणाला. "बोल, वळनावर कोन पुढं?"

श्यामसुंदरनं त्याला धरून उठवून बसवलं. हाताला वजनच लागलं नाही. आता कसलं भांडायचं याच्याशी, जाऊ दे, ही एक गोष्ट तरी देऊन टाकू, असं त्याला वाटलं.

"तुझी लोटस," तो म्हणाला. "तुझंच बरोबर होतं. हलकी गाडीच सरस."

पंढरी हसला नाही.

"किती दिवस म्हनतोय डाक्टर?"

श्यामसुंदर त्याची चादर सारखी करू लागला. "कसले दिवस? अल्सर तर आहे..."

"अल्सरला कोन लोटस देतंय रं? माजा बाप मेला, तवा पन तू हरला नाय."

श्यामसुंदरनं मान खाली घातली आणि त्याला रडू कोसळलं. शपथ मोडायला त्याला कॅन्सरचं नावही काढावं लागलं नव्हतं. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं त्याला.

पंढरीनं त्याचा हात दाबला. "डोळं पूस. मना समजलंय, ते काशीला सांगू नको. रोज अल्सरचं पथ्य रांधते बिचारी. रांधू दे."

काशीवहिनी पेजेची वाटी घेऊन आत आल्या. दोघांच्या तोंडांकडे बघत दारातच थबकल्या.

"काय चाललंय?"

"काय नाय," पंढरी म्हणाला. "अजून आयकत नाय ह्यो. म्हनतो, डिनोच भारी."

"पुरं झालं तुमचं गाड्यांचं!" म्हणत वहिनी हसल्या. कितीतरी दिवसांनी हसल्या.

"मग काय, प्लास्टिकचं डबडं त्याचं," श्यामसुंदर मुद्दाम मोठ्यानं म्हणाला. मग त्यानं वहिनींच्या हातातून वाटी घेतली आणि पंढरीला चमच्याचमच्यानं पेज भरवू लागला.