दारात अडलेली रेष

मी तिथे नव्हतो, त्यामुळे काय घडलं ते मला अगदी नीट ठाऊक आहे.

आमची पुतणी ज्या ऑफिसात आहे, तिथे आकृत्या काढायचं सॉफ्टवेअर बनतं. चौकोन मांडायचे, रेषांनी जोडायचे. रेषेने कुठून जावं हे ठरवणारा एक क्लास, म्हणजे प्रोग्रामचा तयार तुकडा, त्यांच्या फ्रेमवर्कमध्ये आयता मिळतो; पण तो नाकासमोर चालणारा. मध्ये चौकोन आला की खुशाल त्याच्या पोटातून आरपार. पुतणीने त्यालाच वाढवून नवा क्लास लिहिला. जुन्याला बाप मानून त्याचं सगळं घ्यायचं, फक्त वाटेतल्या चौकोनांना वळसा घालायला शिकवायचं. कितीतरी आठवडे ती त्यावर राबत होती.

त्या सकाळी पाणीपुरवठ्याचे इंजिनिअर आपल्या शहराचा नकाशा त्यात बघायला येणार होते. जमलं तर नवा क्लास राहणार, नाही तर ऑफिसातल्या मोठ्या बाई तो काढून टाकणार.

पुतणीने नकाशा उघडला. पंपापासून रेष निघाली, प्रत्येक चौकोनाला अदबीने वळसा घालत टाकीपाशी पोचली, आणि दारातूनच मागे वळली. पुन्हा आली, पुन्हा वळली.

शेजारी प्रोग्राममधल्या चुका शोधणारी मैत्रीण बसली होती. ती म्हणाली, "अगं, ही उसने मागायला गेलीय का? किती लाजतेय!"

घिरट्या वाढत गेल्या. रेष कागदाबाहेर पडली, दुसऱ्या पडद्यावर गेली, आणि तिथून थेट हिशेबनीसाच्या कॉम्प्युटरात. खोटं वाटत असेल तर त्यालाच विचारा. तो पलीकडून ओरडला, "अहो, माझ्या रजेच्या तक्त्यात ही कुणाची शेपटी शिरली?"

जिन्यात बुटांचा आवाज आला. मोठ्या बाई म्हणाल्या, "जुना क्लास लाव बाई. आडदांड असेल, पण पोचतो तरी."

"बाई, ते वर चढेपर्यंत तरी थांबा," पुतणी म्हणाली.

"पण तू या रेषेला नेमकं सांगितलंयस काय?" मैत्रिणीने विचारलं.

"कुठल्याच चौकोनाला शिवायचं नाही."

"कुठल्याच?"

पुतणीने कपाळावर हात मारला. "अगबाई! जिथे जायचंय ती टाकीसुद्धा चौकोनच की!"

अडथळ्यांच्या यादीत मुक्कामाचं ठिकाणही बसलेलं होतं. बिचारी रेष सांगितलेलं निमूट ऐकत होती. पुतणीने एकच ओळ घातली: स्वतःची दोन टोकं सोडून बाकी सगळे परके. त्यासरशी हिशेबनीसाकडली शेपटी सरसर मागे आली आणि टाकीला जाऊन चिकटली.

इंजिनिअर आत आले, खुर्चीत बसले, माउसने टाकी जरा बाजूला ओढली. रेष चौकोन चुकवत मागोमाग गेली.

"अरेच्चा! येते की ही!"

त्यांनी टाकी डावीकडे नेली, उजवीकडे नेली, पार वरच्या कोपऱ्यात नेली. चहा निवला.

मोठ्या बाई खाकरल्या. "मग, साहेब, हेच ठेवायचं ना?"

"ठेवायचं म्हणजे काय! पण जरा थांबा हो, ही टाकी तेवढी नदीपलीकडे नेऊन बघतो."

बाईंनी पुतणीकडे बघून मान डोलावली. पुतणी डबा घेऊन उठली आणि दोघी मैत्रिणी जेवायला गेल्या. इंजिनिअर टाकी हलवतच होते.

त्या दुपारी आमच्या नळाला पाणी कधी धो धो यायचं, कधी गायब व्हायचं. इंजिनिअर म्हणतात, तो नुसता नकाशा होता. असेल बुवा.