काटेवाल्यांनी घर गुहेत नेलं

ही गोष्ट कोणाला खरी वाटणार नाही, आणि वाटावी असा आग्रहही नाही. एका माणसाने एका रविवारी सकाळी दात घासता घासता दहा हजार वर्षं मागे उडी मारली आणि तीन महिन्यांनी अख्खं घर आपल्यामागे ओढून नेलं. यंत्रबिंत काही नव्हतं. एका हातात टूथब्रश, दुसऱ्या हातात मोबाइल, एवढ्या सामानावर हा प्रवास झाला.

माणूस तसा साधा. दुकानांमधले वजनकाटे तपासायचे, दुरुस्त करायचे आणि तारेत शिशाचं सील ठोकून परत द्यायचे, हा त्यांचा धंदा. सगळा बाजार त्यांना काटेवाले म्हणे. वय बावन्न. पोट असं की टेबलावरून स्क्रू घरंगळला तर तो पडल्याचा आवाज त्यांना आज यायचा आणि स्क्रू उद्या दिसायचा. गुडघे कुरकुरत होते, रक्तदाब वर सरकला होता. अशात मोबाइलवर त्यांना पॅलिओ आहार सापडला. शेतीचा शोध लागण्याआधी माणूस जे खायचा तेच खायचं. मांस, मासे, अंडी, भाज्या, फळं, बदाम-अक्रोड. धान्य बंद, डाळी बंद, दूध बंद, साखर तर बंदच.

आणि सांगायलाच हवं, त्यांना तो मानवला. तीन महिन्यांत अकरा किलो उतरले. गुडघे गप्प झाले. वजन स्वतः तपासलेल्या काट्यावर केलेलं, त्यामुळे शंका घ्यायची कोणाची छाती नव्हती.

इथपर्यंत सगळं उत्तम. घोटाळा धंद्याने केला. काटेवाल्यांच्या कपाटात मखमलीच्या पेटीत पितळी वजनांचा एक संच होता. ती प्रमाण वजनं. काटा कोणत्याही दुकानातला असो, त्यावर ते वजन ठेवायचं, आणि काट्याने वेगळा आकडा दाखवला तर चूक काट्याची. तीस वर्षं हेच केलेल्या माणसाला एक दिवस असं वाटू लागलं की आपला देह हेच प्रमाण वजन आहे. आपल्याला जे मानवलं ते ज्याला मानवणार नाही, त्याच्यातच बिघाड!

पुढच्याच रविवारी त्यांनी स्वयंपाकघरातले धान्याचे डबे रिकामे केले.

त्यांची बायको एका शाळेच्या कार्यालयात कारकून होती. ती दारात उभी राहून बघत होती. "अहो, गुहेत गॅसही नव्हता," ती म्हणाली. "तोही परत करू का?"

"थट्टा कर. तीन महिन्यांनी आभार मानशील."

"तीन महिन्यांनी मी असेन ना, की मॅमथ घेऊन जाईल?"

दहावीतल्या मुलीने वाद घातला नाही. ती रोज संध्याकाळी मैत्रिणीच्या घरी अभ्यासाला जाऊ लागली आणि तिथे भात खाऊन येऊ लागली.

उरले काटेवाल्यांचे वडील, अण्णा. एकोणऐंशी वर्षांचे, निवृत्त पोस्टमन. अण्णांना मधुमेह होता. रोज सकाळी साडेसात वाजता एक छोटी पांढरी गोळी, मग पावाचे दोन तुकडे आणि कपभर दूध, असं त्यांचं बारा वर्षांचं बसलेलं गणित होतं. गोळी द्यायचं काम काटेवाल्यांचं. ते ती अण्णांच्या तळहातावर ठेवत आणि अण्णा म्हणत, "टपाल मिळालं," आणि गिळून टाकत.

आता पाव आणि दूध गेलं. त्या जागी उकडलेलं अंडं आणि वाफवलेली भाजी आली. गोळी मात्र तीच राहिली.

"अण्णा, जमतंय ना?" काटेवाले विचारत.

"न जमायला काय झालं? एकेकाळी उपाशीपोटी सात मजले चढलोय," अण्णा म्हणत. खरं म्हणजे त्यांना पावाची आठवण यायची. पण पोरगा बऱ्याच वर्षांनी एवढा उत्साहात होता. त्याच्या उत्साहावर पाणी ओतायचं त्यांच्या जिवावर येई.

उत्साह घरात मावेना म्हणून काटेवाल्यांनी रविवारी सकाळी वर्कशॉपमध्ये सभा सुरू केली. ग्राइंडर भिंतीला सरकवायचा, पत्र्याच्या खुर्च्या मांडायच्या. आधी सहा जण आले, मग वीस, मग चाळीस. काटेवाल्यांची वाणी रसाळ. चाळीस माणसं कान देऊन ऐकू लागली की आकड्यांना पाय फुटतात. अकरा किलोंचे पंधरा झाले, पंधराचे एकोणीस. गुडघे नुसते बरे झाले नाहीत, तर एकदा बस चुकली म्हणून काटेवाले तिच्यामागे धावले आणि पुढच्या थांब्यावर तिच्या आधी पोहोचले. लोक हसत, पण मनातून मान डोलावत.

एका रविवारी शेजारच्या शेडमधल्या वेल्डरने विचारलं, "अण्णांना शुगर होती ना? त्यांचं काय?"

अण्णा पहिल्या रांगेत बसले होते. चाळीस माना त्यांच्याकडे वळल्या.

"गोळ्या म्हणताय?" काटेवाले म्हणाले. "त्या केव्हाच कचऱ्यात गेल्या."

टाळ्या पडल्या. अण्णा खाली बघत राहिले.

घरी जाताना ते हळूच म्हणाले, "अरे, गोळी तर मी आज सकाळीच घेतली."

"बंद होणारच आहे हो, अण्णा. मी चार दिवस आधी सांगितलं, एवढंच."

पण बंद करायची हिंमत काटेवाल्यांना होत नव्हती. स्वतःच्या थापेवर बापाचा जीव लावायला ते तयार नव्हते. म्हणून सभेत गोळी बंद होती आणि घरात चालू होती. त्यांना वाटलं, आपण सावधगिरी बाळगतोय.

बायकोच्या लक्षात आलं होतं. "अण्णांना अकराच्या सुमाराला घाम येतो," ती म्हणाली. "काल चष्मा उचलताना हात थरथरत होता. डॉक्टरांना विचारा."

"शरीर सरावतंय. थोडे दिवस कुरकुरतंच."

"सरावतंय की संपतंय, ते तुमच्या मोबाइलला कसं कळणार?"

काटेवाल्यांना राग आला. त्या रागात आठ दिवस गेले.

पुढच्या रविवारी, सभा भरात असताना, पहिल्या रांगेतली खुर्ची वाजली. अण्णा एका बाजूला कलंडले होते. सदरा घामाने चिंब, डोळे उघडे पण कोणाला ओळखत नव्हते. ओठ हलत होते. काटेवाल्यांनी कान लावला.

"तिसरा मजला... डावीकडचं दार... सही लागेल," अण्णा पुटपुटत होते.

वेल्डरने त्यांना दोन हातांवर उचललं आणि आपल्या टेम्पोतून दवाखान्यात नेलं. बोटाला सुई टोचून साखर तपासली. अगदी तळाला गेली होती. डॉक्टरबाईंनी शिरेतून ग्लुकोज सुरू केलं आणि मान वर न करता विचारलं, "मधुमेहाची कोणती गोळी चालू आहे?"

वेल्डर शेजारीच उभा होता. सभेतले आणखी दोघे दारात होते.

"गोळ्या बंद आहेत," काटेवाले म्हणाले.

"नक्की?"

"नक्की."

दहा मिनिटांत अण्णा भानावर आले, त्यांनी धावत आलेल्या सुनेला ओळखलं, पाणी मागितलं. वेल्डर आणि ते दोघे सुस्कारा सोडून निघून गेले. डॉक्टरबाई मात्र कपाळाला आठ्या घालून कागद उलटत होत्या. गोळी नाही, तर एवढी साखर उतरली कशाने? त्यांनी यकृताच्या, मूत्रपिंडाच्या तपासण्या लिहायला घेतल्या.

पाऊण तासाने अण्णांच्या कपाळावर पुन्हा घाम फुटला. पुन्हा ओठ हलू लागले. "घर बंद आहे," ते म्हणाले. "घरात कोणी नाही. पत्र परत."

बायको नुसती काटेवाल्यांकडे बघत होती. तेवढं पुरलं. ते डॉक्टरबाईंच्या मागे धावले. "बाई, गोळी चालू आहे. आज सकाळीही घेतली. मीच दिली."

डॉक्टरबाई थांबल्या. आधी परिचारिकेला हाक मारली, ग्लुकोज वाढवलं, दर अर्ध्या तासाला साखर तपासायला सांगितली. मगच त्या काटेवाल्यांकडे वळल्या.

"या गोळीचा परिणाम दिवसभर राहतो, कधी त्याहून जास्त. एकदा साखर वर आली म्हणून भागत नाही, ती पुन्हा पडते. हे मला आधी कळलं असतं तर मी त्यांना क्षणभरही डोळ्यांआड होऊ दिलं नसतं. पाऊण तास तुम्ही मला भलत्याच रस्त्याला लावलंत."

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा शुद्धीवर, स्वच्छ बोलत होते. परिचारिकेला त्यांनी विचारलंही, तुमच्या भागात टपाल वेळेवर येतं का. काटेवाले कॉरिडॉरमधल्या बाकावर बसले होते. डॉक्टरबाई शेजारी येऊन बसल्या. रात्री काटेवाल्यांनी त्यांना सभेसकट सगळं सांगितलं होतं.

"तुम्ही मला आता म्हणाल, हा आहार वाईट आहे," काटेवाले म्हणाले.

"मी कशाला म्हणू? तुमचं वजन उतरलं, गुडघे सुधारले. चांगलंच झालं. साखर, तळलेलं सोडलंत, त्यासाठी मी तुमची पाठ थोपटेन. पण अण्णांची गोळी ठरली होती त्यांच्या जेवणावर. पाव आणि दूध धरून. तुम्ही ताटातून ते काढलंत. गोळीला काय ठाऊक ताटात काय नाही ते? ती आपलं काम करत राहिली. साखर सापडेना, तरी उतरवत राहिली."

"मी विचारायला हवं होतं."

"हो. अण्णांच्या डॉक्टरांना एक फोन. त्यांनी गोळी कमी केली असती, कदाचित बंदही केली असती. मग तुमचं सभेतलं वाक्य खरं झालं असतं." त्या जरा थांबल्या. "आणखी एक. वीस वर्षं मी बघतेय, लोक घरात नवीन आहार आणतात तेव्हा कोणी विचारत नाही की घरातल्या बाकीच्यांना काय हवंय. अण्णा मला काल म्हणाले, पोरगा खूश होता म्हणून मी खात होतो. एवढ्या वयाच्या माणसाने दुसऱ्याचं मन राखायला जेवावं, यात कसलं आरोग्य?"

जे काटेवाले तीस वर्षं लोकांच्या काट्यांतली खोट काढत आले, त्यांना स्वतःची खोट बघायला एका बाकावर बसावं लागलं.

पुढच्या रविवारी सभा भरली. नेहमीपेक्षा जास्त माणसं आली होती, अण्णांचं काय झालं ते ऐकायला. अण्णाही आले. सुनेने हाताला धरून त्यांना मागच्या खुर्चीत बसवलं. काटेवाले ठरवून आले होते की आज सगळं खरं सांगायचं. बायकोला तसा शब्द दिला होता.

त्यांनी सुरुवात केली. अण्णांची साखर उतरली होती, दवाखान्यात दोन दिवस काढावे लागले, आहार बदलताना काळजी घ्यायला हवी. सगळं नीट चाललं होतं. मग वेल्डर उभा राहिला.

"पण काटेवाले, अण्णांच्या तर गोळ्या बंद होत्या. तुम्हीच डॉक्टरबाईंना सांगितलंत, मी तिथेच होतो. मग साखर उतरलीच कशी?"

पन्नास माणसं बघत होती. खरं बोलायला उघडलेल्या तोंडात सवयीचं वाक्य आयतं येऊन बसलं.

"काय आहे, अण्णांचं वय झालंय," ते म्हणाले. "ते मला न सांगता गुपचूप गोळी घेत होते. मला कुठून कळणार?"

वेल्डरचा चेहरा एकदम मोकळा झाला. "म्हणजे गोळीनेच घात केला. बरं झालं. माझ्या आईच्या गोळ्या मी गुरुवारपासूनच बंद करून टाकल्यात. तिलाही शुगर आहे, वीस वर्षांची. घरात भातही बंद केलाय. तुमच्या अण्णांसारखं तिचं व्हायला नको."

डॉक्टरला न विचारता काटेवाल्यांनी एका म्हाताऱ्या माणसाचं ताट बदललं होतं. त्यांच्या एका वाक्यावर दुसरा कोणी एका म्हाताऱ्या बाईचं औषधच बंद करून बसला होता. अर्धं खरं सांगून ते आता त्याची खात्री पटवत होते.

"खोटं आहे," मागून आवाज आला.

अण्णा उभे राहायचा प्रयत्न करत होते. सुनेने हात दिला. तो त्यांनी बाजूला केला आणि खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले.

"खोटं बोलतोयस, बाळा. चाळीस वर्षं लोकांची पत्रं पोचवली, एकही गुपचूप उघडलं नाही. गोळी मी गुपचूप कशाला घेईन? रोज साडेसातला तूच माझ्या हातावर ठेवायचास."

काटेवाल्यांनी एकदा बापाकडे पाहिलं, एकदा बायकोकडे.

"हो," ते म्हणाले. "अण्णा खरं सांगताहेत. गोळी मी देत होतो. इथे बंद म्हणत होतो आणि घरी देत होतो. दवाखान्यातही मी खोटं बोललो, तुमच्यादेखत लाज वाटली म्हणून. त्या खोट्यापायी हे गेले असते."

मग ते सगळ्या खुर्च्यांकडे वळले.

"गोळीचा दोष नव्हता. तिच्याबरोबरचा घास मी काढून घेतला आणि कोणाला विचारलं नाही, हा दोष. मला काय मानवलं, हे मी पुन्हा सांगेन. पण ते माझ्या अंगापुरतं. तुमच्या घरात कोणाचं औषध चालू असेल तर ताट बदलण्याआधी आणि गोळी बदलण्याआधी डॉक्टरांना विचारा. आणि ज्याच्यासमोर ताट ठेवताय, त्यालाही विचारा. म्हातारी माणसं आपलं मन राखायला नाही म्हणत नाहीत. त्याचा अर्थ हो असा घेऊ नका. आपण तब्येत सुधारायला निघालोय. घरातल्या एकाच्या धाकाने सुधारलेली तब्येत काय कामाची?"

मग ते खुर्च्यांमधून वाट काढत वेल्डरपाशी गेले आणि स्वतःचा मोबाइल त्याच्या हातात दिला.

"सभा राहू दे. आईला बघतात त्या डॉक्टरांचा नंबर लावा. आत्ता, इथेच."