रिकाम्या खुर्चीपुढची हजेरी

सिद्धूला सहा महिन्यांची सक्तमजुरी झाली. पण ते तूर्त झालंच नाही असं धरून चालू. फौजदारानंही पुढं बरंच काही झालंच नाही असं धरलं, मग आपलं काय बिघडतं?

तर, सिद्धू ज्या जमातीत जन्मला ती सरकारनं जन्मजात गुन्हेगार ठरवली होती. म्हणजे नाळ कापायच्या आधीच गुन्हा शाबीत. चोरी तेवढी करायची राहिली होती, ती पन्नाशी आली तरी राहूनच गेली. रोज दिवेलागणीला चावडीपुढं उकिडवं बसायचं, पाटलांनी नाव घ्यायचं, यानं "हाय जी" म्हणायचं. गाव सोडायचं तर पाटलांचा पास.

पाटील म्हणजे लालासाहेब. त्यांच्या उसाचा सिद्धूला हेवा नव्हता, खिलारी जोडीचा तर मुळीच नव्हता. बैलांना वैरण घालावी लागते. हेवा होता तो एकाच गोष्टीचा. लालासाहेब मनात येईल तेव्हा गावात नसायचे. दोन-दोन दिवस नसायचे, आणि कुठं होता म्हणून कुणी विचारायचं नाही! त्या नुसत्या नसण्यापायी सिद्धू असा जळायचा की बायको, बनाबाई म्हणायची, "आवं, तुमच्या छातीवर भाकर भाजंल."

"आगं, माणूस नसतो, आन् त्येची मिशीबी वाकडी हुत न्हाई!"

अशात कवठे महांकाळला दिलेल्या लेकीला मुलगा झाला. बारशाच्या आदल्या दिवशी सिद्धू पास मागायला गेला.

"आवं पाटील, नातवाचं तोंड बघून लगी मागारी येतो."

"तोंड काय पळून जातंय व्हय? तुज्यावरच गेलं आसंल. आरशात बघ."

"आरसा न्हाई जी."

"मग सांजंला हजेरीला ये. कसं दिसतंय ते मी सांगतो."

सांजेला तो गेला, तर खुर्ची रिकामी. लालासाहेब नव्हते. उठून जावं तर गुन्हा, गप बसावं तरी गुन्हा. शेवटी त्यानं पाटलांच्या आवाजात "सिद्धूऽऽ!" अशी हाळी दिली आणि आपल्या आवाजात "हाय जी!" म्हटलं. समोरचा पार खदखदून हसला. मुंबईच्या गिरणीतून सुट्टीवर आलेला नाथाजी ओरडला, "आयला, आज पाटीलकी तुज्याकडंच रं गड्या!"

सकाळी स्वस्त धान्याच्या दुकानातली सरकारी ज्वारी गायब. लढाईचे दिवस, माणसं पाण्यात पीठ कालवून पीत होती, म्हणून विट्याहून फौजदार लगोलग आला. फुटक्या पोत्यातून सांडलेल्या ज्वारीची रेघ दुकानापासून थेट लालासाहेबांच्या मळ्यापर्यंत गेली होती. फौजदारानं बूट खराब होऊ न देता ती ओलांडली आणि सिद्धूचं खोपट गाठलं. दुपारपर्यंत गावच्या कोंबड्यांनी सगळा पुरावा टिपून टाकला.

चौकशी चावडीत झाली. सगळा पार तिथं जमला होता, आणि लालासाहेबही खुर्चीत परत आले होते.

"काल सांजेला कुठं होतास?"

"हजेरीला जी. सगळ्या पारानं ऐकलंय."

"हजेरी घेतली कुणी?"

"मीच जी. पाटील नव्हतं."

"पाटील नव्हते, म्हणजे हजेरी झालीच नाही. हजेरी झाली नाही, म्हणजे तू गैरहजर. गैरहजर, म्हणजे चोरीवर."

सिद्धूला हे पटता पटता राहिलं. "मग पाटील कुटं हुतं जी?"

पार एकदम पायाच्या अंगठ्याकडं बघू लागला. लालासाहेबांनी पानाला चुना लावला.

"त्यांना का विचारायचं?" फौजदार खरोखरच गोंधळला. "ते काय हजेरीवाले आहेत?"

"ह्येच आमी लाल बावट्याखाली ऐकतो, सायब!" नाथाजी उठला. "चोरी मालावरनं ठरत न्हाई, घरावरनं ठरती. मी सोता ऐकलंय ह्येचं 'हाय जी'!"

"बस खाली. हसत होतास म्हणे. हसणाऱ्याची साक्ष धरत नाहीत."

अशा रीतीनं सिद्धूची जन्माची हौस फिटली. तो एकदाचा गैरहजर लागला. आणि तेव्हाही तो तिथंच बसला होता.

बारसं त्याच्यावाचून झालं. साताऱ्याच्या तुरुंगात भेटायला आलेल्या नाथाजीला त्यानं पोर कुणासारखं दिसतं ते विचारलं नाही. एक अर्ज तेवढा लिहून घेतला:

"मेहेरबान जिल्हा मॅजिस्ट्रेटसाहेब यांचे सेवेशी. अर्जदाराचा नातू नामे अर्जुना, हल्ली पाळण्यात हजर, हा जाणता झाल्यावर त्यास वर्षातून एक सांज, पासाशिवाय व कारण न विचारता, गावात नसण्याची परवानगी मिळावी. जशी लालासाहेब पाटील यांस आहे. ही विनंती."