पिठ्याचा दोर

या मायबापांनो, जरा पुढं सरकून बसा. गोष्ट कुत्र्याची आहे म्हणून नाक मुरडू नका. त्या दिवशी माळावर जितकी भीती वाटली तितकी मला उभ्या जन्मात वाटली नाही, आणि देवाचं नावही तितक्या कळवळ्यानं कधी घेतलं नव्हतं.

गावातली पिठाची गिरणी एक मावशी चालवायची. गिरणीला लागूनच माझं शिवणकामाचं दुकान. मावशीला मागंपुढं कुणी नव्हतं. होता तो एक कुत्रा. डोळे उघडायच्या आत कुणीतरी दारात टाकून गेलेला; तिनं कापसाच्या बोळ्यानं दूध पाजून जगवला. पिठात लोळून कायम पांढराफटक, म्हणून पिठ्या. चार वर्षांत गिरणीबाहेर पडला नाही. पट्ट्याच्या खडखडाटात गाढ झोपायचा, पण रस्त्यावर एखादं कुत्रं भुंकलं की पोत्यांमागं जाऊन मुतायचा.

अशात मावशीच्या छातीचं ऑपरेशन ठरलं. शहरात, तीन महिने.

"माझं काय व्हायचं ते होऊ दे भाऊ," ती मला म्हणाली, "पण याला बाहेरची कुत्री एका दिवसात फाडतील."

मी ठेवून घेतला असता, पण खोटं कशाला बोलू? लहानपणी पोटरीचा लचका गेल्यापासून मी कुत्र्याच्या सावलीलाही उभा राहत नाही.

माळावरचा मेंढपाळ तयार झाला. "सांभाळतो की मावशी. पण माझी तीन आहेत. थोरलीनं घेतला तर राहील. नाही घेतला तर मी तरी काय करणार?"

थोरली म्हणजे काळी कुत्री. एक कान फाटलेला, लांडग्याशी झुंजलेली. बाकीचे दोघे तिचेच लेक. आईनं मान हलवल्याशिवाय पाण्यालाही तोंड लावत नसत.

न्यायच्या दिवशी मावशीनं पिठ्याला वासाच्या साबणानं दोनदा घासून आंघोळ घातली. "परक्याच्या दारात जायचं तर स्वच्छ नको?" पीठ धुतलं गेलं आणि आतून निघाला तांबडा कुत्रा! "अगंबाई, हा असा आहे होय?" म्हणत ती हसली, मीही हसलो.

मी सोबतीला निघालो, पण ते हसू माळापर्यंतच टिकलं. थोरली भुंकली नाही, नुसती उठली. तेवढ्यानं तिचे लेक तुटून पडले. धूळ, किंकाळ्या, मेंढपाळाची काठी. मी बांधावर कधी चढलो ते मलाच कळलं नाही. पिठ्याचा खांदा उसवला होता. माझ्याच खिशातल्या सुईदोऱ्यानं मेंढपाळानं टाके घातले. माझे हात सुई धरायच्या लायकीचे नव्हते.

"साबणानं घासलास?" मेंढपाळ कडाडला. "अगं, वास म्हणजे यांचं तोंड. तू याचं तोंड पुसून आणलंस, वर फुलांचा वास फासलास. माझ्या कुत्र्यांनी ओळखायचं कुणाला?"

मावशी रडवेली झाली. "आता रे दादा?"

"मेंढी दुसरीचं कोकरू घेत नाही तेव्हा आम्ही तिचा वास त्याला चोळतो. तसंच करू."

थोरलीच्या अंथरुणाचं पोतं गिरणीत आलं, पिठ्याचं पोतं माळावर गेलं. पहिल्या दिवशी पिठ्या त्या पोत्याकडं बघून नुसता कापत होता. तिसऱ्या दिवशी त्याच्याशेजारी बसून जेवला. सहाव्या दिवशी त्यावर झोपला. सातव्या दिवशी सकाळी पुन्हा माळ. दुपारी मावशीची गाडी. आता नाही तर कधीच नाही.

"समोरासमोर नाही आणायचं," मेंढपाळ म्हणाला. "सगळ्यांनी एकाच दिशेला चालायचं. मध्ये वीस पावलं."

चाललो. विसाची दहा झाली, दहाची पाच. मावशीनं दोर मनगटाला तीन वेढे घालून आवळला होता. पिठ्या शेपूट पोटात घालून सरपटत होता. थोरलीच्या लेकांच्या घशात घरघर सुरू झाली.

"सैल सोड, मावशी. तुझी भीती दोरातून त्याच्यात उतरतेय."

"बोटं ऐकत नाहीत रे!"

"मग माझी कुत्रीही ऐकणार नाहीत."

मावशीनं डोळे मिटले. ओठ हलले. एक वेढा सुटला, दुसरा सुटला, आणि दोर मातीत पडला.

पिठ्या जागच्या जागी उताणा झाला. थोरली आली, त्याच्यावर उभी राहिली. तिचे सुळे त्याच्या गळ्यापासून चार बोटांवर. देवा, देवा, देवा. ती मान हुंगत होती, टाके हुंगत होती, कानामागं साचलेलं पीठ हुंगत होती. आणि थोरली शिंकली! एकदा, दोनदा, तीनदा. मग अंग झटकून ती मेंढरांमागं चालू लागली. लेक तिच्यामागं. पिठ्या उठला आणि दोर फरफटवत लेकांच्या मागं.

मेंढपाळ म्हणाला, "झालं. घेतला तिनं. जा आता, गाडी चुकवू नको."

तीन महिन्यांनी मावशी परतली ती हाडांचा सापळा होऊन. पिशवीत नवा दोर होता. माळावर पिठ्या तिला बिलगला, रडला, तिचे पाय चाटून ओले केले. तिनं दोर त्याच्या गळ्यात अडकवला. तेवढ्यात मेंढरं टेकडीपलीकडं उतरू लागली आणि थोरली वळून एकदाच भुंकली. पिठ्या एकदा तिकडं बघे, एकदा मावशीकडं. जागचा हलेना, नुसता कण्हत राहिला.

मावशीनं वाकून गाठ सोडली. "जा रे," म्हणाली, "तुझी माणसं निघाली."

ती गिरणीकडं एकटी परत आली आणि शेवटपर्यंत एकटीच राहिली. मायबापांनो, देवापुढं हात जोडाल तेव्हा त्या मावशीची आठवण ठेवा. उजव्या मनगटावर दोराचा वळ होता तिच्या, तो अखेरपर्यंत गेला नाही.