रेघेखालचं गाव

पुराच्या तिसऱ्या दिवशी, दुपारी एकच्या सुमारास, मदतीच्या सामानाच्या गोदामात अक्काचा फोन आला. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, नदीकाठच्या गावात दवाखान्याची नर्स.

"अरे, तुमची नाव येणार कधी? एकवीस जण गच्चीवर बसलोत. पाणी जिन्यात आलंय."

"येईल की," मी म्हणालो, "दोन-दोन संस्था आहेत आमच्या."

फोन तुटला.

दोन होत्या खऱ्याच, दोन वेगळ्या चर्चच्या. एक इथली, एक समुद्रापलीकडची. मागच्या पुरात दोघींनी एकाच गावाला ब्लँकेटं वाटली आणि शेजारचं गाव कुडकुडत राहिलं. म्हणून यंदा नकाशावर रेघ मारायची ठरली. वरची गावं यांची, खालची त्यांची, आणि कुणी कुणाच्या हद्दीत पाऊल टाकायचं नाही. रेघ मी मारली, खोक्यांवर नंबर टाकायच्या जाड्या मार्करनं. सरळ आली म्हणून कौतुकही झालं.

फोन तुटल्यावर मी गावांच्या दोन्ही याद्या काढून वाचल्या. अक्काचं गाव यांच्यात नव्हतं. त्यांच्यातही नव्हतं. नकाशा भिंतीवरून काढून खिडकीच्या उजेडात धरला, तेव्हा शाईच्या खाली ते दिसलं.

पलीकडच्या खोलीत इथल्या संस्थेचे पाद्रीबाबा आणि तिकडच्या संस्थेच्या डॉक्टरीणबाई चहा घेत होते.

"हे तुमच्याकडे येतं वाटतं," पाद्रीबाबा नकाशा न्याहाळत म्हणाले.

"छे, तुमच्याकडेच. आम्ही कसं मध्ये पडावं?"

"आम्ही तरी कसं? तुमचा अपमान व्हायचा."

"वरच्या ऑफिसला पत्र टाकू या का, दोघांच्या सहीनं?"

"माझी बहीण आहे तिथं," मी म्हणालो. "आणि रेघ माझी आहे."

बाईंनी कप ठेवला आणि पाणी कधी सोडणार ते विचारायला धरणावर फोन लावला. धरणवाले अदबीनं म्हणाले, तीनला दरवाजे उघडतोय. खालची गावं रिकामी झाल्याची खात्री तुमच्याच यादीवरून केली आहे. आता थांबवता येणार नाही, धरणच धोक्यात आहे.

बाईंनी फोन खाली ठेवला. पाद्रीबाबा "प्रार्थना करू या" म्हणून उठले.

"नावेत करा," दारातून आमचा नावाडी म्हणाला. "मी रेघेवरून जातो. रेघेवर तर कुणाची हद्द नाही ना?"

दोघांचे चेहरे खुलले. पण एकीकडचं माणूस आलं म्हणजे दुसरीकडचंही हवंच. त्यामुळे दोघं नावेत बसले. वाट दाखवायला मी. तिघांपैकी पोहता कुणालाच येत नव्हतं, हे निघाल्यावर कळलं.

अडीचला पोचलो. जिना दिसतच नव्हता. नाव थेट गच्चीच्या कठड्याला लागली. नावेत माणसं मावत होती चौदा, गच्चीवर एकवीस. त्यात आम्ही तिघं पाहुणे.

"उतरा," अक्का म्हणाली.

पाद्रीबाबा निमूट उतरले. बाई त्यांच्या मागोमाग. मीही उतरलो. म्हातारी, पोरं, एक बाळंतीण असे चौदा जण चढले आणि नाव टेकडीकडे गेली. उरलो दहा.

तीनला धरणाचा भोंगा झाला. सव्वातीनला पाणी कठड्यावरून आत सांडलं, आधी पातळ, मग घोट्यापर्यंत. पाद्रीबाबांची प्रार्थना मध्येच थांबली आणि पहिल्यापासून सुरू झाली. बाईंनी त्यांचा हात धरला होता. कुणाच्या हद्दीत तो धरला, कोण जाणे.

पाणी गुडघ्याला लागलं तेव्हा नावेच्या इंजिनाची घरघर ऐकू आली.

"आधी तुम्ही," पाद्रीबाबा बाईंना म्हणाले.

"नाही, आधी तुम्ही."

"दोघंही चढा!" अक्का ओरडली. दोघंही चढले.

आम्ही शेवटी बसलो. मागं वळून पाहिलं तर गच्ची नव्हती, नुसता पाण्याच्या टाकीचा माथा. अक्कानं माझं मनगट पकडलं. मला वाटलं, मायेनं. ती नाडी बघत होती.

"किती आहे गं?"

"गप्प बस. मोजताच येत नाहीये."

टेकडीला लागेपर्यंत तिनं मनगट सोडलं नाही.