कुनिगुंडाबाई आणि आंबट बिअर

गावच्या बिअरभट्टीत पाय ठेवायला जागा नव्हती. रविवारची प्रार्थना आटोपून अख्खं एर्लनग्रुंड गाव तिथे लोटलं होतं. आत न मावलेले लोक खिडक्यांना लटकले होते. मधोमध एका पालथ्या पिंपावर मातीचा मग, मगात आमच्या गावाची बिअर, आणि मगावर दोन्ही हात धरून आठवड्यापूर्वी गावात आलेला मेल्खिओरबुवा.

त्या वर्षी बिअरचे सलग तीन घाणे आंबट निघाले होते. जर्मनीतल्या आमच्या फ्रँकोनियात गावोगाव सामाईक भट्टी असते आणि शेजारच्या गावाची बिअर प्यायची वेळ येणं यासारखी नामुष्की नाही. आम्ही दोन महिने ती नामुष्की घोटाघोटाने गिळत होतो.

"मेलीय ही बिअर!" बुवा गरजला. "कुणीतरी हिचा प्राण शोषलाय! पण माझ्याकडे कुणाच्या समाधीची धूळ आहे, ठाऊक आहे? जो संत सात वर्षं उभ्याने झोपला आणि एकदाही पडला नाही, त्याच्या! ऊठ बये, ऊठ!"

चिमूटभर पांढरी पूड मगात पडली. बिअर फसफसून वर आली, फेस कडांवरून ओघळला. बायकांनी छातीवर क्रूस काढला. भट्टीवाल्या पांक्राझने घोट घेतला आणि त्याचे डोळेच भरून आले. "आंबटपणा गेला रे!"

तो मग फिरत फिरत माझ्याकडे आला. आंबटपणा गेला होता खरा, पण मागे खारट, साबणासारखी चव राहिली होती. कुठेतरी ओळखीची वाटली, पण आठवेना. मी तसं बोललो, तर शेजारचा म्हणाला, "मास्तर, तुम्ही बाहेरचे. तुम्हाला बिअरमधलं काय कळणार?" बारा वर्षं मी या गावातली पोरं शिकवतोय.

"एका मगाने काय होणार?" बुवाने डोळे मिटले. "प्राण शोषणारी मोकळी आहे. मला दिसतंय... ओढ्याकाठचं घर... काळे कपडे... एकटी बाई..."

बुवा आठ दिवस पांक्राझच्या घरी डुकराची तंगडी चापत गावगप्पा ऐकत होता. एवढं दिसायला दिव्यदृष्टी लागत नाही. पण गर्दीतून कुजबुज उठली, "कुनिगुंडा!"

कुनिगुंडाचा नवरा ऑटमार तीस वर्षं ही भट्टी चालवायचा आणि ती त्याच्या हाताखाली पिंपं घासायची. दोन वर्षांपूर्वी ऑटमार गेला. दफनानंतर तिसऱ्या दिवशी पांक्राझ तिला म्हणाला होता, "वहिनी, काळ्या कपड्यातल्या बाईची सावली उकळत्या रसावर पडू नये म्हणतात. तुम्ही आता आराम करा." तेव्हापासून ती आराम करत होती. मूलबाळ नाही, भाऊबंद नाहीत. माझं घर तिच्यापासून तिसरं. ती दिसली की मी टोपी उचलायचो आणि पुढे जायचो.

सगळा लोंढा बुवाच्या मागे तिच्या दारात गेला. कुणीतरी उरलेल्या बिअरचा मगही बरोबर घेतला होता.

तिने दार उघडलं. तिचा चेहरा मी विसरणार नाही. तो उजळला.

"पांक्राझ? अगबाई, सगळेच आलात? या ना, या! भट्टीवर बोलवायला आलात होय?" हात पुसत ती लगबगीने खुर्च्या ओढायला लागली, पाव कापायला घेतला. "कप सहाच आहेत हो माझ्याकडे. आळीपाळीने घ्याल ना?"

कुणी बसलं नाही.

"पाहा कशी भुलवतेय, चेटकीण!" बुवा ओरडला. "उद्या दिवस मावळायच्या आत हिने गाव सोडावं, नाहीतर जन्मभर आंबट प्या!"

तिने सुरी खाली ठेवली. एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. ज्याच्याकडे पाही तो नजर चुकवी.

"मी गेले तर बिअर चांगली होईल?"

"होईल!"

"मग जाते," ती म्हणाली. "ऑटमारच्या भट्टीची बिअर नासायला नको." आणि थोडं थांबून, जरा नवलानेच बोलल्यासारखी म्हणाली, "दोन वर्षांत कुणी माझं नावही घेतलं नाही. मला वाटलं, मी आहे हेच विसरलात."

मीही नजर चुकवली आणि ती जाऊन पडली तिच्या फळीवर. तिथे खायच्या सोड्याचा डबा होता. रविवारी तेलकट मांस खाऊन छातीत जळजळलं की मी रात्री चमचाभर सोडा पाण्यातून घेतो. ती खारट चव!

"कुनिगुंडाबाई, हा सोडा कशाला वापरता?"

"वाटाणे शिजवायला, मास्तर. का हो?"

"चिमूटभर त्या मगात टाका."

"तिचा हात लागू देऊ नका!" बुवा पुढे धावला, पण तोवर तिने टाकला होता. बिअर फसफसून वर आली, फेस टेबलावर सांडला.

"चेटूक!" बुवा म्हणाला.

"बरं." मी तिच्या फळीवरचं व्हिनेगर वाटीत ओतलं. "पांक्राझ, आता तू टाक. या व्हिनेगरमध्ये."

पांक्राझने टाकला. व्हिनेगर वाटीबाहेर उसळलं.

"मग काय, पांक्राझही चेटकीण? की व्हिनेगरमध्ये संत शिरला?" मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. मी म्हणालो, "आता बुवा, तुमची धूळ साध्या पाण्यात टाका. पाहू उठतं का."

बुवा टाकेना. पांक्राझने त्याच्या हातातली पिशवी ओढली आणि पूड पाण्यात ओतली. पाणी जागच्या जागी. मग व्हिनेगरमध्ये टाकली, तर खळाखळा फेस. आंबट आणि सोडा एकत्र आले की वायू सुटतो आणि आंबटपणा मरतो. एवढीच ती समाधी.

"पण मास्तर, मग बिअर आंबट होते कशाने?" पांक्राझ रडकुंडीला आला.

उत्तर कुनिगुंडाने दिलं. "आंबवणाचं मोठं पिंप उकळत्या पाण्याने कोण धुतं रे आता?"

पांक्राझ तडक भट्टीकडे निघाला.

आम्ही परत भट्टीत गेलो. तिने बाही सारली, पिंपात वाकून फळ्यांच्या फटीत बोट घातलं आणि दोन वर्षं साचलेला करडा बुळबुळीत गाळ काढून पांक्राझच्या नाकाखाली धरला. त्याने नाक दाबलं. दर घाण्याआधी त्या फटी वाफवून, काडीने कोरून काढायच्या असतात. ते काम तिचं होतं. तिच्या सावलीच्या भीतीने गावाने पिंप धुणारा हातच घालवला होता.

या गडबडीत बुवा कधी पसार झाला, कळलं नाही.

"वहिनी, उद्यापासून याल?" पांक्राझने विचारलं.

"येईन," ती म्हणाली. माफी कुणी मागितली नाही. शरमलेली माणसं भराभर पांगली. मी तिला घरापर्यंत सोडायला गेलो. टेबलावर कापलेला पाव तसाच होता.

"मास्तर, तुम्ही शिकलेले. मी चेटकीण नाही हे तुम्हाला तर ठाऊक होतं ना?"

"होतं."

"मग दोन वर्षं तुम्ही का नाही आलात?"

मी टोपी काढली आणि त्या पावासमोरच्या खुर्चीवर बसलो.

नाताळची बिअर उत्तम निघाली. कुनिगुंडाबाई रोज भट्टीवर जाते, पिंपं घासते, संध्याकाळी एकटीच घरी येते. लोक आता तिला घाबरत नाहीत, ओशाळतात. फरक तिला फारसा जाणवत नसावा. गुरुवारी मी तिच्याकडे जातो. आम्ही फार बोलत नाही.

वर्गात मी मुलांना सोडा आणि व्हिनेगरचा प्रयोग दरवर्षी दाखवतो आणि सांगतो: काही नासलं तर आधी भांडं तपासा. कुणी चमत्कार दाखवला तर तोच साध्या पाण्यात करून दाखव म्हणा. आणि भोंदू नेहमी गावातल्या सगळ्यात एकट्या माणसाकडे बोट दाखवतो, कारण त्याच्या बाजूने बोलायला कुणी नसतं. तेव्हा ज्याच्या घरी कुणी जात नाही, त्याच्या घरी जा.