कांडीची गोधडी

मित्रांनो, मी एक जुनी गोधडी आहे. गोष्ट जन्मापासून सांगायची असते, हे मला ठाऊक आहे. पण माझ्या मनावर एक ओझं आहे, ते आधी खाली ठेवते. माझ्यामुळे एका मुक्या जिवाला घराबाहेर काढलं गेलं. आणि ते होत असताना मी नुसती गप्प नव्हते. मी खूश होते.

आता जन्माचं सांगते.

आमच्या भिवंडीत पहाट कोंबड्याच्या बांगेने होत नाही, लूमच्या खटखटीने होते. आमचे केसरीनाथबाबा गल्लीतल्याच कारखान्यात लूम चालवायचे. शिफ्ट संपली की मालकाला विचारून कापडाचे उरलेले तुकडे पिशवीत भरून आणायचे. त्यांची बायको आनंदीबाई दिघाशी गावची, सुईला हात लावला की ओवी ओठांवर यायची. पोटात पहिलं मूल होतं तेव्हा तिने ते तुकडे जोडले, आत आपलं लग्नातलं लुगडं घातलं आणि दारात बसून टाके घालू लागली.

पहिला गं टाका, सुईत दोरा ओवला,
येणाऱ्या गं जिवासाठी ऊन-वारा थोपवला.

येणारा जीव म्हणजे मेघाली. ती माझ्यावर पालथी पडली, माझ्यावर रांगली. दात येताना माझा डावा कोपरा चावून चावून तिने त्याचा पार चोथा केला. मला जरासुद्धा राग आला नाही. उलट आनंदीबाई कौतुकाने सगळ्यांना तो कोपरा दाखवायची. शेजारची सीताबाई म्हणायची, "आनंदे, गोधडी हाय का रांगोळी गं? पोरीनं खाल्ली तरी शोभते!" हे लक्षात ठेवा मित्रांनो. मी मात्र पुढे विसरले.

मेघाली मोठी झाली, खारबावला सासरी गेली. मला घडी घालून माळ्यावर टाकलं. चार वर्षं मी अंधारात पडून होते. कुणी हाक मारील म्हणून वाट बघायचे. शेवटी एक दिवस हात आला, मला ओढून खाली घेतलं, झटकलं आणि दारातल्या ओट्याच्या कोपऱ्यात अंथरलं. मी हरखून गेले. कुणाचं बाळ आलं असेल?

बाळ नव्हतं. कुत्रीचं पिल्लू होतं.

कारखान्यामागे सुताच्या गुंत्याचा ढीग पडतो, त्यात बाबांना ते सापडलं होतं. लूमच्या धोट्यात सुताने भरलेली बारीक कांडी बसवतात ना, तेवढंच किडकिडीत. म्हणून नाव ठेवलं कांडी. बाबा तोवर घरी बसले होते. तीस वर्षं लूमपाशी उभं राहून त्यांचे कान अर्धे झाले होते. गप्पा मारायला कुणी उरलं नव्हतं, म्हणून ते कांडीशी बोलायचे. तिचं उत्तर ऐकू यायची गरज नव्हती, शेपटीकडे बघितलं की झालं.

आणि मी? मी मनात कुढत होते. लग्नाचं लुगडं पोटात घेऊन जन्मलेली मी, कुत्रीच्या पायाखाली!

पावसाळा सरला आणि कांडी अंग खाजवू लागली. शेपटीच्या मुळाशी दातांनी कुरतडायची, मांडीवरचे केसांचे पुंजके उपटायची. कधी कधी तळमळून उठायची, मलाच दातात धरून हिसडे द्यायची, माझे टाके तोडायची. आनंदीबाईला वाटलं, खोड लागली. ती चप्पल घेऊन धावायची, "खा, खा! माझ्या हातचे टाके हायेत ते, शहाणे!" कांडी भिंतीला चिकटून बसायची आणि पुन्हा शेपूट चावायची.

तिला खोड नव्हती लागली. माझ्यात पिसवा झाल्या होत्या.

मला सगळं कळत होतं. लुगड्याच्या घड्यांत त्यांनी अंडी घातली होती, शिवणीशिवणीतून त्या धावत होत्या. कांडी टेकली की तिच्या केसांत शिरत, चावत आणि परत फिरत. अंगाची आग होते तेव्हा माणूससुद्धा अंगावरचं कापड ओरबाडतो. ती बिचारी दुसरं काय करत होती? पण चपलेचा फटका बसला की मी म्हणायचे, बरं झालं! देवाने मला तोंड दिलं नाही हे खरं. पण मन दिलं होतं ना. ते मी असं वापरलं.

दिवाळीनंतर मेघाली सातव्या महिन्यात माहेरी आली. त्याच आठवड्यात सकाळी दूधवाला पंढरी दारात उभा होता. त्याच्या गोठ्यात दहा म्हशी, जनावर बघताक्षणी त्याला कळतं. कांडीच्या उघड्या पडलेल्या मांडीकडे बघून तो म्हणाला, "काका, पिसवा हायेत हिला. अंथरूण बघा तिचं."

समोर लूमची खटखट, दारात मोटारसायकलची फटफट. बाबांनी कानाला हात लावला. "काय? पिसाळली हाय?"

पंढरीची गाडी सुरू झालेली. त्यालाही अर्धंच ऐकू गेलं. "हाय, हाय! लवकर बघा!" म्हणत तो गेला.

बाबा पांढरेफटक होऊन आत गेले. "पंढरी म्हणतो, कांडी पिसाळली."

"काय तरीच!" आनंदीबाई म्हणाली. "सकाळी वाटीभर पाणी प्यायली. शेपूट हलवते. पिसाळलेलं जनावर असं असतं व्हय?"

"पोर पोटुशी हाय घरात. चावली मंग? कुणाला त्वांड दाखवशील?"

मेघाली हळूच म्हणाली, "बाबा, डॉक्टरला तरी दाखवू." पण बाबांना ते ऐकू गेलं नाही. की भीतीने ऐकू दिलं नाही, कोण जाणे.

बाबांचा पुतण्या दौलत रिक्षा घेऊन आला. पोतं आणलं. बाबांनी स्वतः कांडीला हाक मारली आणि ती नाचत आली, कारण बाबांची हाक होती. पोत्याचं तोंड बांधलं. मित्रांनो, मी ओट्यावरून बघत होते. पोत्याच्या आतसुद्धा तिची शेपूट हलत होती.

दौलत तिला अंजूरच्या गोदामांकडे सोडून आला. त्या दिवशी मी ओट्यावर ऐसपैस पसरले. आता कुणी ओढणार नाही, कुणी चावणार नाही. दुपारपर्यंत हे सुख टिकलं. मग पिसवांना भूक लागली.

मेघाली संध्याकाळी ओट्यावर बसून माझ्यावर पाय ठेवायची. चौथ्या दिवशी तिच्या घोट्यांवर लाल पुरळ उठला. ती खसाखसा खाजवू लागली. "आई, हे डास न्हायत गं. जीव जातो खाजवून!"

चार दिवसांनी गावाहून परतलेल्या पंढरीने सकाळी विचारलं, "कुत्री कुठाय?"

आनंदीबाईने डोळ्याला पदर लावला. "तूच म्हणालास ना बाबा, पिसाळली."

"मी?" पंढरीने मोटारसायकल बंद केली. आत येऊन तो बाबांच्या कानाशी ओरडला, "पिसवा म्हटलं मी, काका! पिसवा! पिसाळली न्हाय!" मग त्याने माझा फाटका कोपरा उलटला. माझी लाज सगळ्यांसमोर टुणटुण उड्या मारू लागली.

बाबा उंबऱ्यावर बसले. दोन्ही हात कानांवर धरले. मग म्हणाले, "माझ्या कानांनी घात केला."

मला ओरडून सांगायचं होतं, कानांचा दोष थोडा, बाबा. घर मी दिलं होतं त्या पिसवांना.

आनंदीबाईने मला उकळत्या पाण्यात घातलं, मोगरीने बडवलं, दोन दिवस गच्चीवर कडक उन्हात टाकलं. प्रत्येक फटका मी मोजून घेतला. कांडीने खाल्ले त्याहून ते कमीच होते.

मी वाळले तसं बाबांनी दौलतला बोलावलं. दौलत पोतं घेऊन आला, तर बाबा म्हणाले, "ते फेक. पुन्हा पोतं न्हाय." मला मांडीवर घेऊन ते रिक्षात बसले.

अंजूरला जिथे शेतं होती तिथे आता गोदामं आहेत, नजर जाईल तिथवर पत्रे. प्रत्येक फाटकापाशी बाबा वाकून बघत फिरले. ती भुंकली असती तरी त्यांना कळलं नसतं, म्हणून दौलत मागे कान देऊन चालत होता. ऊन कलताना तोच म्हणाला, "काका, त्या ट्रेलरखाली बघा."

कांडीच होती. फाटक्या खोक्यावर अंग चोरून बसलेली, बरगड्या मोजून घ्याव्यात अशी. रिक्षा दिसताच ती मागे सरकली.

बाबांनी हाक मारली नाही. मागच्या हाकेने काय केलं ते त्यांना ठाऊक होतं. त्यांनी मला धुळीत अंथरलं आणि शेजारी मांडी घालून बसले. "कांडे," ते हळू म्हणाले, "माझे कान गेलेत गं. तू तरी ऐक."

किती तरी वेळाने ती आली. मला हुंगलं. माझ्यात आता नुसता साबणाचा आणि उन्हाचा वास होता. तरी तिने ओळखलं. एक पाय माझ्या फाटक्या कोपऱ्यावर ठेवला आणि डोकं बाबांच्या गुडघ्यावर. मला वाटलं होतं, ती माझ्यावर गुरगुरेल. गुरगुरली असती तर बरं झालं असतं.

गुरांच्या डॉक्टरने औषध दिलं, ओटा धुऊन निघाला, तिच्या मांडीवर पुन्हा केस आले. दोन महिने गेले. मेघालीला मुलगी झाली. बारशाच्या आदल्या दिवशी दुपारी घरात एकदम आरडाओरड झाली. कांडी पुन्हा मला ओढत होती. पोटाचे केस उपटून माझ्यावर ठेवत होती, टाके तोडून चिंध्या करत होती.

आनंदीबाईचा हात चपलेकडे गेला. मध्येच थांबला. तिने आधी माझ्या शिवणी तपासल्या, एकही पिसू नव्हती. मग कांडीच्या पोटावरून हात फिरवला आणि हसू लागली. "अगं बया! ही तर घर करतेय बाळांसाठी!"

"अंजूरला सासर केलं वाटतं!" दौलत म्हणाला.

मेघाली आतून बाळाला घेऊन आली. "आई, गेल्या महिन्यात मी काय करत होते? तुझी मऊ मऊ लुगडी फाडून दुपटीच करत होते ना?"

आनंदीबाई खाली बसली, माझा एक घट्ट टाका तिने स्वतःच नखाने सैल करून दिला आणि जुन्या चालीवर म्हणाली,

शेवटला गं टाका, उसवून गेला जरी,
लेकुरवाळीच्या कुशीत ऊब पुरू दे गं पुरी.

आता माझ्या पोटातलं लुगडं बाहेर आलंय आणि त्यात चार पिल्लं झोपली आहेत. मुलांनो, घरातलं मुकं जनावर केस उपटू लागलं, अंथरूण फाडू लागलं, तर हात उगारण्याआधी त्याचं अंग बघा, अंथरूण बघा. ते काहीतरी सांगत असतं. ऐकू आलं नाही तर पुन्हा विचारा. अर्धं ऐकून कुणाला पोत्यात घालू नका.

एक पिल्लू आत्ता माझा डावा कोपरा चावतंय. मेघालीने चोथा केला होता, तोच.

चाव रे बाळा, चाव.